आडनाव वराडचं, कारकीर्द डब्लिनची

2 जून 2017 रोजी फिना गेल या आयरिश पक्षाने लिओ वराडकर यांना नेता निवडलं आणि आपल्याकडच्या वर्तमानपत्रांना मालवण तालुक्यातलं त्यांच्या वडिलांचं मूळ गाव वराड सापडलं. 14 जूनला ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले. वय 38. तोवर त्या देशात इतक्या लहान वयात कुणी त्या पदावर बसलं नव्हतं. डिसेंबर 2019 मध्ये ते आईवडील, बहिणी आणि जोडीदारासह वराडला आले, तेव्हाही फोटो छापून आले. त्यानंतर मराठी वाचकाच्या नजरेतून हा माणूस जवळजवळ नाहीसाच झाला. ते पद सोडून गेले, पुन्हा आले, पुन्हा गेले. या सगळ्या काळात त्यांनी नेमकं काय केलं, हे विचारायची तसदी आपण फारशी घेतली नाही.

गडहिंग्लज तालुक्यातल्या आमच्या नेसरीहून आजऱ्याकडे निघालं आणि आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी येते, पुढे मालवण. त्यामुळे वराड आम्हाला लांबचं नाही, आणि वराडकर आडनावाचा अभिमान आम्हालाही वाटला. पण नेसरीच्या मुलाला पहिली गोष्ट ऐकायला मिळते ती 24 फेब्रुवारी 1674 ची, प्रतापराव गुजर आणि सहा स्वारांची. एका झेपेत सगळं पणाला लावणारा वीर आमच्या मनात लहानपणीच ठसतो. लोकशाहीतला पुढारी मात्र झेपेने घडत नाही. तो वॉर्डातल्या मतमोजणीत, खात्याच्या फायलींत आणि पडलेल्या प्रस्तावांत घडतो. वराडकर 2007 ते 2024 संसदेत होते आणि मार्च 2011 ते एप्रिल 2024 अशी सलग 13 वर्षं मंत्रिमंडळात होते. एवढ्या कारकिर्दीचा हिशेब आडनावावर संपवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे आणि आपल्यावरही.

वडील अशोक वराडकर हे मुंबईचे डॉक्टर. 1960 च्या दशकात ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना डॉक्टर कमी पडत होते आणि भारत-पाकिस्तानातून हजारो तरुण डॉक्टर तिकडे गेले. अशोकराव त्यांतले एक. इंग्लंडमधल्या स्लाव गावी त्यांची ओळख मिरियम हॉवेल या आयरिश परिचारिकेशी झाली. लग्नानंतर काही काळ भारतात राहून 1973 मध्ये दोघं डब्लिनला स्थायिक झाले आणि शहराच्या पश्चिमेला कॅसलनॉक परिसरात अशोकरावांनी दवाखाना थाटला. 18 जानेवारी 1979 रोजी लिओंचा जन्म झाला. शिक्षण तिथलंच, ट्रिनिटी कॉलेजात आधी कायद्याला प्रवेश, मग वैद्यक, 2003 मध्ये पदवी. उमेदवारीचा काही काळ त्यांनी मुंबईत केईएम रुग्णालयात घालवला. परळचं केईएम म्हणजे गडहिंग्लज, आजरा, चंदगडहून गिरणीत गेलेल्या तीन पिढ्यांचं हक्काचं इस्पितळ. वराडला दिलेल्या एका भेटीपेक्षा परळच्या त्या वॉर्डांतला काळ मला या कारकिर्दीच्या संदर्भात जास्त मोलाचा वाटतो. डब्लिनच्या सुखवस्तू उपनगरात वाढलेल्या मुलाने गर्दीचं सार्वजनिक रुग्णालय आतून पाहिलं, तेही पुढे आरोग्यमंत्री होण्याआधी.

आता निवडणुका. 1999 मध्ये, वयाच्या 20 व्या वर्षी, त्यांनी मलहडार्ट वॉर्डातून स्थानिक निवडणूक लढवली. मतं पडली 380. 2003 मध्ये फिंगल काउंटी कौन्सिलवर त्यांच्या पक्षाच्या शीला टेरी यांची जागा रिकामी झाली, तिथे त्यांना स्वीकृत करून घेतलं. एका वर्षात, 2004 मध्ये, त्याच परिषदेच्या निवडणुकीत त्यांनी पहिल्या पसंतीची 4,894 मतं घेतली. त्या वर्षी देशभरातल्या स्थानिक निवडणुकांत याहून जास्त मतं कुणालाच मिळाली नाहीत. 380 ते 4,894 हा प्रवास पाच वर्षांचा आहे आणि तो दारोदार फिरून झालेला आहे. वडिलांच्या दवाखान्यामुळे त्या भागात नाव ओळखीचं होतं, हे खरंच. आपल्याकडेही डॉक्टर राजकारणात उतरतो तेव्हा तपासून पाठवलेले पेशंटच त्याचे पहिले मतदार असतात.

2007 मध्ये ते डब्लिन वेस्टमधून संसदेत गेले. तिथली पद्धत आपल्याहून वेगळी आहे. एका मतदारसंघातून तीन ते पाच जण निवडून येतात. मतदार उमेदवारांपुढे 1, 2, 3 असे पसंतीक्रम लिहितो. तळाचा उमेदवार बाद झाला की त्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. त्यामुळे उमेदवाराला कधी स्वतःच्याच पक्षाच्या जोडीदाराशीही झुंजावं लागतं आणि शेजारच्या पक्षाच्या मतदाराची दुसरी पसंतीही मागावी लागते. गल्लीतल्या गटारीपासून निवृत्तिवेतनाच्या अर्जापर्यंत सगळं खासदाराच्या दारात येतं. ज्यांना वाटतं की युरोपातले पुढारी फक्त धोरणावर मतं मागतात, त्यांनी आयर्लंडचा एक मतदारसंघ जवळून अभ्यासावा. त्यांना गडहिंग्लज तालुकाच भेटेल.

आणि वारसाही भेटेल. आमच्या शेजारच्या कानडेवाडीचे बाबासाहेब कुपेकर 2004 ते 2009 महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष होते. 2012 मध्ये ते गेले, 2013 च्या चंदगड पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी संध्यादेवी निवडून आल्या आणि 2014 मध्ये पुन्हा आल्या. 2019 मध्ये आले राजेश पाटील, तेही माजी आमदार नरसिंगराव पाटलांचे चिरंजीव. 2024 मध्ये कुपेकरांच्या कन्या नंदिनी बाभुळकर उभ्या होत्या, राजेश पाटीलही होते, आणि दोघांनाही हरवून अपक्ष शिवाजी पाटील आले. आपल्याला वाटतं हे आपलंच दुखणं. पण डब्लिन वेस्टमध्ये वराडकरांच्या शेजारी निवडून येणारे ब्रायन लेनिहन हे वडील वारल्यावर 1996 च्या पोटनिवडणुकीतून आलेले. वराडकरांना पहिलं मंत्रिपद देणारे पंतप्रधान एंडा केनी 1975 मध्ये वडिलांच्या रिकाम्या जागेवर आलेले. नेतेपदाच्या लढतीतले त्यांचे प्रतिस्पर्धी सायमन कोव्हेनी 1998 मध्ये वडिलांच्याच जागेवर आलेले. या तिघांच्या गर्दीत वराडकर हे असं नाव आहे की ज्याच्या मागे संसदेतलं कुणी वडीलधारं नव्हतं. कारकिर्दीचा सगळ्यात ठळक विशेष मला इथे दिसतो. आडनावामुळे ते मोठे झाले नाहीत. तिथल्या मतपेटीवर त्या आडनावाला कसलंच वजन नव्हतं.

2017 ची नेतेपदाची लढतही नीट पाहायला हवी, कारण तिच्यात त्यांची ताकद आणि उणीव दोन्ही दिसतात. पक्षाच्या नियमानुसार संसद सदस्यांच्या मताला 65 टक्के, सर्वसाधारण सदस्यांच्या मताला 25 टक्के आणि स्थानिक प्रतिनिधींच्या मताला 10 टक्के वजन होतं. संसद सदस्यांत वराडकर 51, कोव्हेनी 22. सर्वसाधारण सदस्यांत मात्र उलटं: कोव्हेनी 7,051, वराडकर 3,772. आमदार-खासदारांनी ज्यांना उचलून धरलं, त्यांना कार्यकर्त्यांनी नाकारलं होतं. सहकाऱ्यांना वाटलं हा माणूस निवडणूक जिंकून देईल; कार्यकर्त्याला वाटलं याचा आणि आपला सूर जुळत नाही. पुढच्या सात वर्षांत कार्यकर्त्यांची शंका पूर्ण खोटी ठरली नाही.

मंत्री म्हणून त्यांचं काम खात्यागणिक वेगळं आहे. 2011 मध्ये देश कर्जाच्या विळख्यात होता. आदल्या वर्षीच युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची मदत घ्यावी लागली होती. वाहतूक, पर्यटन आणि क्रीडा हे खातं मिळालेल्या वराडकरांना डब्लिनचे भुयारी रेल्वेचे मोठे प्रकल्प पुढे ढकलावे लागले. ट्रामचे दोन मार्ग शहराच्या मध्यातून जोडण्याचं काम मात्र पुढे गेलं आणि 2017 मध्ये ते खुलं झालं. पश्चिम किनाऱ्यावरचा सुमारे 2,500 किलोमीटरचा पर्यटन मार्ग 2014 मध्ये सुरू झाला. तो नवा बांधलेला रस्ता नव्हे. होते ते किनारी रस्ते, गावं आणि कडे एका नावाखाली, एकसारख्या फलकांनी बांधले. 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झालेल्या सिंधुदुर्गाने हे उदाहरण अभ्यासायला हरकत नाही. याच खात्यात असताना, मार्च 2014 मध्ये, पोलीस दलातला गैरकारभार उघड करणाऱ्या दोन पोलिसांची त्यांनी जाहीर बाजू घेतली आणि पोलीस आयुक्तांनी त्यांच्याबद्दल वापरलेला शब्द मागे घ्यावा असं सांगितलं. सत्तेत बसून असं बोलायला धैर्य लागतं. आयुक्तांनी त्याच महिन्यात राजीनामा दिला.

आरोग्य खात्यात, 2014 ते 2016, डॉक्टर मंत्र्याकडून लोकांची अपेक्षा मोठी होती. सहा वर्षांखालच्या मुलांना आणि सत्तरीपुढच्या वृद्धांना 2015 पासून फॅमिली डॉक्टरची मोफत सेवा मिळू लागली, ही जमेची बाजू. दारूच्या किमतीला किमान मर्यादा घालणारं विधेयक त्यांनी आणलं; ते संमत व्हायला 2018 उजाडलं. पण जानेवारी 2015 मध्ये रुग्णालयांत खाट न मिळाल्याने ढकलगाडीवर पडून राहिलेल्यांची एका दिवसाची संख्या 600 च्या पुढे गेली होती. सर्वांना विमा देण्याची सरकारची घोषणा ठरल्या मुदतीत शक्य नाही, असं त्यांनी पद घेतल्यावर लवकरच सांगून टाकलं. ते प्रामाणिक होतं, पण त्याच्या जागी दुसरं मोठं काही उभं राहिलं नाही.

याच काळात, 18 जानेवारी 2015 ला, आपल्या 36 व्या वाढदिवशी, त्यांनी आयरिश राष्ट्रीय रेडिओवर सांगितलं की आपण समलिंगी आहोत. आयर्लंडमध्ये समलिंगी संबंध 1993 पर्यंत गुन्हा होता. चार महिन्यांनी, 22 मे रोजी, 62 टक्के मतदारांनी समलिंगी विवाहाला कौल दिला. आपल्याकडे त्यांचं कौतुक करताना हा भाग पुष्कळदा घाईने उरकला जातो. तो उरकण्यासारखा नाही. 2019 मध्ये ते वराडला आले तेव्हा जोडीदार मॅथ्यू बॅरेट सोबत होते आणि गावाने सगळ्यांचंच स्वागत केलं. मालवण तालुक्यातल्या एका खेड्याने जे सहज केलं, त्याची नोंद त्या भेटीच्या फोटोंइतकीच ठळक व्हायला हवी होती.

आयर्लंडशी आमच्या भागाचं दुसरं नातं आहे आणि ते दुःखाचं आहे. ऑक्टोबर 2012 मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात सविता हलप्पनवार ही 31 वर्षांची दंतवैद्य वारली. तिचं माहेर बेळगावचं. 17 आठवड्यांची गर्भवती असताना गर्भपात होऊ लागला. गर्भ वाचणार नाही हे कळूनही, हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून तिने मागितलेला गर्भपात करून दिला गेला नाही आणि जंतुसंसर्गाने तिचा जीव गेला. आयरिश राज्यघटनेच्या आठव्या दुरुस्तीने गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क दिला होता. नेसरीकरांना बेळगाव बाजाराचं, कॉलेजचं आणि मोठ्या दवाखान्याचं गाव. ती बातमी इथे परदेशाची म्हणून वाचली गेली नाही.

वराडकर तेव्हा वाहतूकमंत्री होते आणि स्वतःला गर्भपातविरोधी म्हणवत होते. 2014 च्या अखेरीस, आरोग्यमंत्री म्हणून, ही दुरुस्ती फार जाचक आहे असं ते म्हणाले. पंतप्रधान झाल्यावर त्यांनी सार्वमत जाहीर केलं आणि बदलाच्या बाजूने प्रचार केला. बेळगावातून सविताच्या वडिलांनीही आयरिश मतदारांना आवाहन केलं. 25 मे 2018 रोजी 66.4 टक्के मतांनी दुरुस्ती रद्द झाली. त्याचं श्रेय एका पंतप्रधानाला देणं चूक ठरेल. ते 35 वर्षं झगडणाऱ्या आयरिश स्त्रियांचं आहे. वराडकरांचा वाटा असा की त्यांनी उघडपणे मत बदललं, कारण सांगितलं आणि मग मागे हटले नाहीत. मत बदलणाऱ्या पुढाऱ्याला आपण लगेच पलटी मारणारा म्हणतो. हा बदल मला त्या सदरात बसवता येत नाही.

पंतप्रधान म्हणून त्यांची सगळ्यात भक्कम कामगिरी ब्रेक्झिटच्या वाटाघाटीतली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडणार म्हटल्यावर आयर्लंड आणि उत्तर आयर्लंड यांच्यातली सुमारे 500 किलोमीटरची जमिनीवरची हद्द ही संघाची बाहेरची हद्द होणार होती. म्हणजे तपासणी नाके येणार. उत्तर आयर्लंडमधल्या ज्या हिंसाचारात 3,500 हून अधिक माणसं मेली, तो 1998 च्या शांतता करारानंतर थांबला होता आणि त्या शांततेत हद्दीवरचे नाके निघून जाण्याचा वाटा मोठा होता.

हद्द म्हणजे काय ते आमच्या भागाला सांगावं लागत नाही. कागदावर दोन राज्यं, पण सोयरीक, बाजार, शाळा, दवाखाना दोन्हीकडे. 2021 मध्ये कर्नाटकाने आरटीपीसीआर अहवालाची सक्ती केली आणि कोगनोळी नाक्यावर गाड्या अडू लागल्या, तेव्हा रोजच्या येण्याजाण्यात हद्द कशी आडवी येते ते सगळ्यांनी अनुभवलं. आयर्लंडच्या हद्दीला रक्ताचा इतिहास होता. वराडकरांनी एक गोष्ट धरून ठेवली: जमिनीवर नाका येणार नाही याची लेखी हमी मिळाल्याशिवाय करार नाही. 50 लाखांच्या देशाने ही अट आधी युरोपीय संघाच्या सगळ्या सदस्यांच्या गळी उतरवली. 10 ऑक्टोबर 2019 रोजी लिव्हरपूलजवळ बोरिस जॉन्सन यांच्याशी समोरासमोर बोलणी झाली, आणि आठवड्याभरात करार झाला. ब्रिटनहून येणाऱ्या मालाची तपासणी हद्दीऐवजी उत्तर आयर्लंडच्या बंदरांवर गेली. उत्तरेतल्या ब्रिटनवादी लोकांना तो विश्वासघात वाटला, त्याची किंमत तिथल्या राजकारणाने पुढे मोजली. तरी नाके आले नाहीत.

घरांच्या प्रश्नावर मात्र ते हरले. 2019 च्या सुरुवातीला सरकारी निवाऱ्यात राहणाऱ्या बेघरांची संख्या पहिल्यांदा 10,000 च्या वर गेली. 2024 मध्ये त्यांनी पद सोडलं तेव्हा ती 13,000 च्या पुढे होती. बड्या कंपन्यांच्या कराने सरकारी तिजोरी भरत होती, तरी नोकरी करणाऱ्या तरुण जोडप्याला डब्लिनमध्ये भाड्याचं घर परवडेना. फेब्रुवारी 2020 च्या निवडणुकीत फिना गेल 35 जागांवर येऊन तिसऱ्या क्रमांकावर गेला आणि शिन फेन या पक्षाने घरांच्या मुद्द्यावर तरुणांची मतं नेली. स्वतः वराडकर आपल्या मतदारसंघात पाचव्या फेरीत निवडून आले. मग करोना आला. काळजीवाहू पंतप्रधान म्हणून त्यांनी निर्बंध लावले, डॉक्टर म्हणून पुन्हा नाव नोंदवलं आणि आठवड्यातला थोडा वेळ ते काम केलं. लोकांचा विश्वास त्या काही महिन्यांत परत आला. जूनमध्ये जुन्या विरोधी फियाना फॉइलशी आणि ग्रीन पक्षाशी आघाडी करून ते उपपंतप्रधान झाले आणि ठरल्याप्रमाणे 17 डिसेंबर 2022 ला पुन्हा पंतप्रधान. मधल्या काळात, डॉक्टरांच्या कराराचा गोपनीय मसुदा परिचिताला दिल्याच्या प्रकरणात त्यांची पोलीस चौकशी झाली. 2022 मध्ये खटला न भरण्याचा निर्णय झाला. ती कृती त्यांना शोभली नाही, हे त्यांनीही माफी मागून मान्य केलं.

स्थलांतरिताचा मुलगा म्हणून त्यांच्याकडून जी अपेक्षा होती, तिथे हिशेब गुंतागुंतीचा आहे. 2008 मध्ये, मंदीच्या तोंडावर, बेकार परदेशी कामगारांना काही महिन्यांचा भत्ता देऊन मायदेशी जाण्याचा पर्याय द्यावा, असं त्यांनी सुचवलं होतं. 2017 मध्ये समाजकल्याण मंत्री असताना सरकारी मदत लाटणाऱ्यांविरुद्ध त्यांनी जाहिरातमोहीम काढली आणि गरिबांकडे चोर म्हणून बोट दाखवल्याची टीका ओढवून घेतली. त्याच खात्यात त्यांनी बाप झालेल्यांना दोन आठवड्यांची भत्त्यासह रजा सुरू केली. उद्योगमंत्री असताना त्यांनी आजारपणाची पगारी रजा कायद्याने सर्व नोकरदारांना मिळवून दिली. म्हणजे कष्टकऱ्याला हक्क द्यायचा, पण मदतीवर जगणाऱ्याकडे संशयाने पाहायचं. मध्यमवर्गीय स्थलांतरितांच्या पुढच्या पिढीत ही वृत्ती मी इथेही पाहतो. मुंबईत जम बसलेला माणूस नव्याने आलेल्याला नावं ठेवतो. 23 नोव्हेंबर 2023 ला डब्लिनच्या मध्यवर्ती भागात एका चाकूहल्ल्यानंतर स्थलांतरितांविरुद्ध दंगल उसळली, बस आणि ट्राम जळल्या. त्या वेळी देशाचा पंतप्रधान एका मालवणी डॉक्टरचा मुलगा होता. त्यांनी दंगलखोरांचा कडक शब्दांत निषेध केला. पण घरांच्या टंचाईवरचा राग आपोआप परक्यांकडे वळतो, आणि ती टंचाई त्यांच्याच सरकारच्या काळात वाढलेली होती.

8 मार्च 2024 रोजी कुटुंबाची व्याख्या आणि घरातल्या शुश्रूषेविषयीचं कलम बदलणारी दोन सार्वमतं झाली. दोन्ही पडली, एकात सुमारे 68 टक्के, दुसऱ्यात सुमारे 74 टक्के मतदारांनी नकार दिला. 2015 आणि 2018 ला जो देश त्यांच्याबरोबर चालला होता, त्याने या वेळी घाईत लिहिलेला मजकूर नाकारला. 20 मार्चला त्यांनी पक्षाचं नेतेपद सोडत असल्याचं सांगितलं आणि या कामाला आता आपण सर्वांत योग्य माणूस उरलो नाही, असं कारण दिलं. पक्षात कुणी बंड केलेलं नव्हतं, वय 45 होतं. 9 एप्रिलला सायमन हॅरिस पंतप्रधान झाले, 37 व्या वर्षी. सर्वांत तरुण असण्याचा वराडकरांचा विक्रम तिथे मोडला. गोव्याशी नातं सांगणारे पोर्तुगालचे अंतोनियो कोश्ता त्याच सुमारास पदावरून गेले, पण ते पुढे युरोपीय परिषदेचे अध्यक्ष झाले. वराडकरांनी नोव्हेंबर 2024 ची निवडणूक लढवलीच नाही.

डब्लिन वेस्टमधली त्यांच्या पक्षाची जागा त्या निवडणुकीत एमर करी यांनी राखली. त्यांचे वडील ऑस्टिन करी हे याच मतदारसंघाचे माजी खासदार. 1968 मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या कॅलेडन गावी, घरवाटपात होणाऱ्या पक्षपाताविरुद्ध, ते एका सरकारी घरात ठिय्या देऊन बसले होते.